घर बघायला पायी जा

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझा भाचा माझ्याकडे आला तो हातात चार गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊनच. "मावशी, शनिवारी मोकळी आहेस का? फ्लॅट बघायला जायचंय. तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, तर शाळेचं तेवढं तू बघ," असं म्हणाला. चारही पत्रकांवर पोहण्याचा तलाव होता, हिरवळ होती, हसरं कुटुंब होतं, आणि कोपऱ्यात एक ओळ होती : 'नामांकित शाळा ५ मिनिटांवर'.

भाच्याची मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची होती, पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणारी. घरात माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई. तिचे गुडघे कुरकुरतात, पण दिवसातून एकदा तरी घराबाहेर पडल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नाही. तर घरात चार माणसं, त्यातल्या दोघांना गाडी चालवता येत नाही आणि येणारही नाही. मी भाच्याला म्हटलं, "अरे, तुम्ही दोघं नवरा-बायको कुठूनही कुठेही जाल. घर या दोघींसाठी बघू या."

पहिल्या प्रकल्पाच्या फाटकाशी आम्ही गाडी लावली आणि नातीचा हात धरून शाळेकडे चालायला लागलो. शाळा समोर दिसत होती. पण मध्ये सहा पदरी रस्ता, त्याच्या मधोमध लोखंडी कठडा, आणि कठड्याला पहिली फट बरीच पुढे. पदपथ होता, पण त्यावर आधी विजेची पेटी, मग वाळूचा ढीग, मग लावलेल्या दुचाक्या. प्रत्येक वेळी मुलीला घेऊन रस्त्यावर उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. शाळेच्या दारात पोचायला आम्हाला चोवीस मिनिटं लागली. माहितीपत्रकातली पाच मिनिटं गाडीची होती, तीसुद्धा बहुधा रविवारी सकाळची.

या बाबतीत मी भाच्याला आग्रहाने सांगू शकले, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. १९९४ साली आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या सोडून गावाबाहेर तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. हट्ट माझाच होता. स्वतंत्र स्वयंपाकघर, गॅलरी, चोवीस तास पाणी! मुलगा दुसरीत होता. नव्या भागात मनासारखी शाळा नव्हती, म्हणून जुनीच ठेवली. सकाळी सहाच्या ठोक्याला रिक्षा यायची, दहा मुलं गोळा करत करत जायची. जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. त्याचे मित्र सगळे पेठेत राहिले. बारा वर्षांचा झाला तरी त्याला एकट्याने रस्ता ओलांडता येत नव्हता, कारण रस्त्यावर तो कधी चाललाच नव्हता. तो रस्ता खिडकीतून बघत आला होता.

पण मुलं सावरतात. आमच्या सासूबाई सावरल्या नाहीत. पेठेत त्या दिवसातून तीनदा बाहेर पडायच्या. सकाळी मारुती, दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून वाणसामानाची एखादी पुडी, संध्याकाळी ओट्यावर बैठक. तिन्ही मिळून अर्धा किलोमीटरही चालणं होत नसेल, पण तेवढ्यात वीस माणसं भेटायची. नव्या घरी देवळात जायचं तर हमरस्ता ओलांडावा लागे. पहिल्या वर्षी त्या विचारायच्या, "कुणी येतंय का गं माझ्याबरोबर?" दुसऱ्या वर्षी विचारेनाशा झाल्या. गॅलरीत बसून राहायच्या. मी तेव्हा समजत होते, वय झालं.

आता थोडा हिशेब करू. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. माझा मुलगा रोज अडीच तास रिक्षात असे. २०० दिवसांचे झाले ५०० तास. म्हणजे शिकण्याचे ८०० आणि रिक्षात कोंबून बसण्याचे ५००! शिक्षिका असूनही हा गुणाकार त्या वेळी मी केला नव्हता. २०२४च्या फेब्रुवारीत शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तो लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. पण शाळा लांब असेल तर नऊच्या वर्गासाठीसुद्धा मूल साडेसातलाच दारात उभं राहतं.

शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असावी, ही काही केवळ म्हाताऱ्या शिक्षिकेची हळहळ नाही. १९२९ साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी लिहिताना क्लॅरन्स पेरी यांनी शेजारवस्तीचं एक गणित मांडलं. वस्ती किती मोठी असावी? तर एक प्राथमिक शाळा चालेल एवढी. शाळा कुठे? वस्तीच्या मधोमध, साधारण पाव मैलावर, म्हणजे चारशे मीटरवर. आपल्या चालीने पाच मिनिटं. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, पोटातून नव्हे, म्हणजे मुलाला शाळेत जाताना हमरस्ता ओलांडावा लागू नये. दुकानं कोपऱ्यांवर. चंडीगडच्या सेक्टरमागे हाच विचार आहे, आणि सिडकोने वसवलेल्या नव्या मुंबईत सेक्टरागणिक शाळेचे आणि मैदानाचे भूखंड दिसतात, त्याचं मूळही इथेच शोधायला हरकत नाही.

गंमत म्हणजे, पुण्याच्या पेठांना हे कुणी शिकवलं नव्हतं. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली मुलींसाठी हुजूरपागा. या आणि अशा शाळांभोवती घरं होतीच. मुलं दप्तर पाठीला लावून बोळाबोळांतून पोचत. मुंबईत जरा वेगळं घडलं. १८९६च्या प्लेगने शहर हादरलं, दाटीवाटीचे भाग मोकळे करायला १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला, आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. आखीव गल्ल्या, झाडं, तीन-चार मजली घरं, अधूनमधून बागा. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली लोकांना खुलं झालं, तिथे १९४० साली बालमोहन विद्यामंदिर निघालं. आजही त्या भागात शाळा सुटायच्या वेळी उभं राहा. आजोबांच्या हातात दप्तर, नातवाच्या हातात बर्फाचा गोळा, अशा जोड्या दिसतील. तिथली घरं आज तुमच्या-माझ्या खिशाला परवडणारी नाहीत, हेही खरंच. सगळ्यांना तशी जागा हवी असते आणि आपण तशी जागा नव्याने फार कमी घडवली, म्हणून ती महाग झाली.

आता शेजार. "तिकडचे लोक कसे आहेत?" हा प्रश्न आपण फार विचारतो. त्याचं उत्तर लोकांच्या स्वभावापेक्षा रस्त्यात जास्त असतं, असं मी म्हटलं तर तुम्हाला पटेल का? डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या अभ्यासकाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांची तुलना केली. रस्ते एकमेकांसारखेच, फरक फक्त रहदारीचा. एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९! ओळखीही निम्म्या. माणसं तीच, पण आवाज, धूर आणि भीती यांमुळे ती पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत सरकली. मला हे वाचताना सासूबाईंची गॅलरी आठवली.

तेव्हा शेजार बघायचा तर आधी गल्ली बघा. पदपथ किती रुंद आहे? भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. हे मोजायला टेप लागत नाही. आजी आणि नात हात धरून चालत असताना समोरून तिसरं माणूस सहज जाऊ शकलं, तर रुंदी पुरेशी. माझ्या बहिणीला कुणाचा खांदा न धरता चढता-उतरता आलं, तर उंची बरोबर. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवरच्या अपघातांत मरण पावले. पुण्यात २०१६ साली पादचारी धोरण मंजूर झालं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आले, २०२१पासून डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवायला सुरुवात झाली. चांगलंच आहे. पण तुमच्या मुलीची शाळा काही जंगली महाराज रस्त्यावर नसते. तिच्या वाटेवरची ती तीन वळणं बघायची.

आणि बघायची ती चार वेळा. कामाच्या दिवशी शाळा भरताना. संध्याकाळी सात-साडेसातला, दिवे लागल्यावर, कारण बारा वर्षांची मुलगी शिकवणीहून त्याच वेळी परतणार असते. एकदा रविवारी दुपारी. आणि जमलं तर भर पावसात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं आणि जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं, ते आपण पाहिलं. उन्हाळ्यात घर बघणाऱ्याला ओढा दिसतच नाही. त्याला मोकळी हवेशीर जागा दिसते.

आता शाळेकडे येते, म्हणजे माझ्या प्रांतात. 'चांगली शाळा' म्हणजे काय, यावर मी दोन तास बोलू शकेन, पण तेवढा वेळ मला कुणी देणार नाही. दहावीच्या निकालाचा फलक बघू नका, असं मी म्हणत नाही. पण तो शेवटी बघा. शंभर टक्के निकाल लागण्याचा एक मार्ग असाही असतो, की कच्च्या मुलांना नववीतच दुसरीकडे जायला सांगायचं. आधी शाळेच्या फाटकाशी शाळा सुटताना उभे राहा. मुलं कशी बाहेर येतात? बोलत, ढकलाढकली करत, बाईंकडे वळून काहीतरी सांगत, की रांगेत, तोंडावर बोट? शिपाईमामा मुलांना नावाने हाक मारतात का? मग मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारा : पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई इथे किती वर्षं आहेत? दरवर्षी बाई बदलत असतील, तर इमारत कितीही चकचकीत असो, तिथे काहीतरी बिनसलेलं आहे.

कागदोपत्री माहितीही हाताशी आहे. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, आणि त्यावरून पटसंख्या, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय, मैदान अशी माहिती सरकारी संकेतस्थळावर बघता येते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा ती तपासायला पुन्हा पायीच जायचं. शाळा अनुदानित की विनाअनुदानित, माध्यम कोणतं, मंडळ कोणतं, हे तर सगळे विचारतातच. माझं मत विचाराल तर चालत जाण्याच्या अंतरावरची बऱ्यापैकी शाळा ही दीड तासावरच्या फार चांगल्या शाळेपेक्षा बहुतेक मुलांसाठी बरी. 'बहुतेक' म्हणते. एखाद्या मुलाची गरज वेगळी असते, आणि घरातल्यांना ती कळते.

अंतराचा कायद्याशीही संबंध आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची कल्पना मांडली : एका वस्तीतली सगळी मुलं, साहेबांची आणि शिपायांची, एकाच शाळेत. ती कधी नीट अमलात आली नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात तिची एक सावली उतरली. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे शेजाराचं अंतर धरलं आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात, आणि तिथेही घरापासूनचं अंतर बघतात. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. त्या पाच महिन्यांत किती आया हातात कागद घेऊन हेलपाटे घालत होत्या, त्या माझ्याही दारात आल्या होत्या. भाड्याचं घर बदलताना ज्यांना या २५ टक्क्यांतून प्रवेश हवा आहे, त्यांनी खोली कुठे घ्यायची हा विचार जूनमध्ये करून उपयोग नाही. प्रवेशप्रक्रिया सुरू होते तेव्हा राहण्याचा पुरावा हातात लागतो.

एक अवघड गोष्ट बोलायची राहिली. जुन्या वस्त्यांच्या आपलेपणाचं मी मघापासून कौतुक करते आहे. पण आपलेपणा कुणासाठी? आमच्या वाड्यात वीस माणसं सासूबाईंना ओळखत होती, कारण ती सगळी त्यांच्यासारखीच होती. आडनाव ऐकून "जागा गेली हो" म्हणणारे मालकही त्याच गल्लीत होते. मी शिक्षिका असताना माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी शाळेजवळ खोली मिळावी म्हणून सात दारं वाजवली. पगार चांगला होता, आडनाव 'चुकीचं' होतं. शेवटी ती मुलगी दोन बस बदलून येत राहिली. म्हणून भाच्याला मी सांगितलं, सोसायटीच्या अध्यक्षांना भेट, पण त्याआधी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला भेट. इथे कोणकोणते लोक राहतात, भाडेकरूंशी सभेत कसं बोलतात, कामवाल्या बायकांना लिफ्ट वापरू देतात का, रखवालदाराचा मुलगा अंगणात खेळतो का, हे त्याला सगळं माहीत असतं. सगळ्यांना सामावून घेणारी गल्लीच पुढे तुमच्या मुलीच्या मैत्रिणींनाही सामावून घेणार आहे. तिच्या मैत्रिणी कोण असतील, हे आज आपल्याला कुठे ठाऊक आहे?

मग कागद. महापालिकेचा विकास आराखडा बघा. समोरचं मोकळं मैदान खरंच खेळाचं मैदान म्हणून आरक्षित आहे, की तिथे उद्या बाजारसंकुल येणार आहे? शेजारच्या शांत गल्लीवर रुंदीकरणाची रेघ आहे का? पत्रकातला 'नियोजित शाळा' हा शब्द तर मी लाल पेनाने अधोरेखित करते. आराखड्यात शाळेसाठी भूखंड असणं वेगळं आणि घंटा वाजणं वेगळं. मधे वीस वर्षंही जाऊ शकतात. जुन्या भागातही डोळे मिटून जाऊ नका. तिथे पुनर्विकास चालू आहे. बारा घरांच्या जागी चाळीस घरं आली की गल्लीत गाड्याही तितक्याच वाढतात.

आणि घाई असेल तर विकत घेऊच नका. अकरा महिन्यांच्या कराराने त्या भागात भाड्याने राहून बघा. तीन ऋतू जातात, एक गणेशोत्सव जातो, आवाजाचा, पाण्याचा, शेजाराचा अंदाज येतो. भाच्याने शेवटी तेच केलं. जानेवारीत कोथरूडमध्ये एका आतल्या गल्लीत, तीस वर्षं जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. पोहण्याचा तलाव नाही. दिवाणखान्यातला सोफा रात्री उलगडून भाचेसून आणि भाचा झोपतात, आणि तिची यावर कुरकुर आहे, ती मला रास्त वाटते. गाडी लावायला जागा नाही, म्हणून एक गाडी विकली. त्या पैशांत पुढची दोन वर्षं भाड्यातला फरक निघेल असं त्याचं गणित.

शाळा ६५० मीटरवर आहे. नातीच्या पावलांनी बारा मिनिटं, वाटेत मांजर भेटलं तर अठरा. बहीण तिला सोडायला जाते, येताना भाजी घेऊन वाण्याच्या दुकानासमोरच्या बाकावर दहा मिनिटं टेकते. त्या बाकावर आता आणखी तीन आज्या जमतात. वाटेत एकच रस्ता रहदारीचा आहे आणि तिथे पांढरे पट्टे अजून मारलेले नाहीत. चौघींनी मिळून अर्ज दिला आहे. तोवर सकाळी वाणी दुकानातून बाहेर येतो, हात आडवा धरतो, आणि सगळी वरात पलीकडे जाते.